प्रथमदर्शनी प्रेमात पडू इच्छिणाऱ्या राजांस सूचना

मृगयेच्या निमित्ताने आश्रमात शिरताना ज्या राजाचा उजवा बाहू स्फुरण पावू लागेल, त्याने तो वाताचा विकार न समजता प्रेमाची पूर्वसूचना समजावी, आणि धनुष्य व भूषणे सारथ्याच्या हवाली करून एखाद्या भक्कम वृक्षामागे उभे राहावे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ संगीतात आणल्यापासून आमच्याकडे या प्रसंगी राजा गातोही. तेव्हा वृक्ष त्याच्या देहाच्या मानाने मोठा आणि कन्यकेची श्रवणशक्ती त्याच्या तानांच्या मानाने बेताची असलेली बरी.

भुंगा येईपर्यंत बाहेर पडू नये.

बाहेर पडल्यावर हुद्दा खोटा सांगावा. दुष्यंताने आपण राजाने धर्मखात्यावर नेमलेले कामगार असून आश्रमातील क्रियाकर्मे निर्वेध चालली आहेत की नाहीत हे पाहण्यास आलो, असे बेधडक सांगितले, आणि मग तपासणी केली ती शकुंतलेच्या कुळाची व ती विवाह करणार की जन्मभर हरिणांत राहणार याची. वस्तुतः आपले मन जिच्याकडे ओढ घेते ती आपणांस वर्ज्य असणे शक्य नाही, हा निवाडा त्याने झाडामागेच देऊन टाकला होता. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असले म्हणजे काम असे झपाट्याने उरकते.

कन्यकांसाठी सूचना लिहिण्याचा मात्र धीर होत नाही. निघताना पायात दर्भाचे टोक रुतले म्हणून थबकणाऱ्या आणि वल्कल फांदीला अडकले म्हणून ते सोडवीत मागे वळून पाहणाऱ्या त्या पोरीला कोणी काय शिकवावे! फांदीला काही अडकलेले नव्हते, हे राजानेच विदूषकाला मोठ्या कौतुकाने सांगितले. आणि तोच विदूषक राजधानीकडे निघताच, अंतःपुरात बोभाटा नको म्हणून, ते सारे थट्टेत बोललो असे बजावले.

राहता राहिला दस्तऐवज. अंगठी देताना तीवरील नावाचे रोज एक अक्षर मोजावयास सांगून, नाव संपण्यापूर्वी बोलावणे येईल असा वायदा करावा. दुष्यंत या नावाची अक्षरे तीन. पुढचे विस्मरण दुर्वासांच्या शापाच्या खाती मांडलेले आहे. पण महाभारतात हा शाप नाही, तेथे राजाला सगळे आठवत असते आणि तो भर दरबारात कानांवर हात ठेवतो. कालिदासाला आपल्या नायकाची दया आली, एवढेच.

माझी खरी तक्रार कण्वांबद्दल आहे. गर्भवती मुलीला सासरी धाडताना त्यांनी सोबत गौतमी दिली, दोन शिष्य दिले. आणि भुंग्यापासून शापापर्यंत सारी हकीकत जाणणाऱ्या अनसूया व प्रियंवदा यांना, त्यांचीही लग्ने व्हावयाची आहेत, त्यांनी तेथे जाणे बरे नव्हे, असे म्हणून घरी ठेवले. त्या दोघींनीही शापाची गोष्ट पोटात ठेवली, आणि राजाने ओळखण्यास विलंब लावलाच तर अंगठी दाखव, एवढेच मैत्रिणीला सांगितले. पण दाखवायची वेळ आली तोवर अंगठी वाटेत शचीतीर्थात पडलेली. असा दावा खारीज होणार नाही तर काय होईल?