किरकिर

दोडामार्गात रात्री फार शांतता असते, असं मुंबईची माणसं म्हणतात. त्यांचे कान हॉर्नला सरावलेले, त्यामुळे हॉर्न नसला की त्यांच्या लेखी शांतता. प्रत्यक्षात इथल्या रात्रीला तोंड मिटणं माहीत नाही. रातकिडे असतात, वळवाची एखादी सर पडून गेली की बेडूक असतात, पडवीच्या पत्र्यावर टपकन पडणारे काजूचे बोंडू असतात आणि तिलारीच्या बाजूनं हत्ती उतरले असतील तर डबे वाजवणारी आणि फटाके लावणारी माणसं असतात. (हे हत्ती 2002 साली कर्नाटकातून आले आणि इथलेच झाले. रेशनकार्ड तेवढं व्हायचं आहे.) एवढ्या गलक्यात मिनिटा-मिनिटानं येणारा एक बारीकसा ‘टिव्’ कुणाच्या खिजगणतीतही नसावा. पण आमच्या वाडीची झोप उडवली ती त्यानंच.

हा टिव् येत होता आमच्या काजूच्या बागेत उभ्या असलेल्या कॅम्पर ट्रेलरमधून. ट्रेलर भाच्याचा. 2021 साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात चाकं फिरू लागली होती. मामाची बाग फुकट, तिलारीचं धरण जवळ, गोव्याची हद्द त्याहून जवळ. पर्यटक काय, वाट चुकून का होईना येतीलच, असा त्याचा हिशेब. पुण्याच्या बाजूला एका वर्कशॉपमधून त्यानं चाकांवरची खोली बनवून घेतली. आत दोन बर्थ, हात धुवायला बेसिन, पाच किलोचा सिलिंडर, शेगडी, छतावर सोलर पॅनेल. आणि दाराजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक पांढरी डबी. गॅस डिटेक्टर. जीपला जोडून आंबोली घाटातून हे प्रकरण त्यानं खाली आणलं, कलमांच्या सावलीत उभं केलं, ‘मामा, जरा लक्ष ठेव’ म्हणून किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः पुण्याला पसार झाला.

वाडीत नवी वस्तू आली की तिची तपासणी शेजारचे आबा करतात. त्यांचा पहिला आक्षेप डबीच्या उंचीवर.

“वास खयसून घेतत? नाकान. नाक खय आसता? वर. मगे ह्या पायाकडे कित्याक?”

मी निवृत्त विज्ञानशिक्षक. आयता प्रश्न मिळाल्यावर सोडतो कुठला? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन जवळजवळ दुप्पट. तो गळला की वर न जाता पाण्यासारखा फरशीवर पसरतो, म्हणून नाक पायाकडे, असं मी सविस्तर सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शाळेतलो गॅस येगळो.”

टिव् सुरू झाल्यावर मात्र निदानाचा पहिला मान काकींनी पटकावला. काकी म्हणजे आबांच्या सौभाग्यवती. ‘पाल चुकचुकता,’ असं सांगून त्यांनी बर्थच्या फळीवर बोटं वाजवत ‘कृष्ण कृष्ण’ म्हटलं. मिनिटभरात पुन्हा टिव्. पुन्हा बोटं, पुन्हा कृष्ण. अर्ध्या तासात काकींची बोटं दुखायला लागली, पण एवढं नामस्मरण एरवी एकादशीलाही होत नाही, या समाधानात त्या होत्या. बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, हा आपला जुना कायदा. आबांनी त्याचा ताबडतोब फायदा घेतला. घड्याळाकडे नजर ठेवून, बरोबर वेळ साधून ते म्हणाले, “औंदा काजूक चांगलो दर गावतलो.”

टिव्.

“बघलास?”

पुढचा तासभर आबा ट्रेलरच्या पायरीवर बसून स्वतःची भविष्यं मंजूर करून घेत होते.

आवाज नेमका कुठून येतो हे तर शोधूनही सापडेना. यात आमच्या कानांचा दोष नाही. जाड आवाजाची दिशा मेंदू एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या वेळेच्या फरकावरून ताडतो, बारीक आवाजाची दोन्ही कानांतल्या जोराच्या फरकावरून. मधल्या पट्टीत दोन्ही हिशेब कच्चे पडतात, आणि अशा डब्यांचे भोंगे साधारण त्याच पट्टीत गातात. त्यात आवाज क्षणभराचा. मान वळवेपर्यंत संपलेला. आम्ही बेसिनखाली वाकलो, गाद्या उचलल्या, दिव्याच्या झाकणात अडकलेला एक मेलेला भुंगा बाहेर काढला. शेवटी मी जमिनीवर आडवा पडून कान डबीला लावला तेव्हा खात्री पटली.

म्हणजे गॅस गळतोय! आबांनी तत्परतेनं खिशातून काडेपेटी काढली. “काडी लावन बघूया, खयसून गळता ता समाजतला.” ती काडेपेटी मी ज्या चपळाईनं हिसकावली, ती चपळाई माझ्या अंगात असल्याचं मलाच ठाऊक नव्हतं. गॅसला स्वतःचा वास नसतो; त्यात मर्कॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात, एवढ्यासाठीच की काडी न लावता कळावं. आम्ही सगळ्यांनी नाकं खाली नेऊन हुंगलं. वास फक्त पिकलेल्या बोंडवांचा. तरी खबरदारी म्हणून रेग्युलेटरवर, नळीच्या दोन्ही टोकांवर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा फुगेल तर शपथ. मग सिलिंडरच काढून पार फणसाखाली नेऊन ठेवला आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या.

टिव्.

“आता गॅस खय गेलो म्हणान इचारता,” काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. बॅटरी उतरली तरी असली यंत्रं कुरकुरतात, हे त्याला माहीत होतं. मीटर लावून तो म्हणाला, “बारा पॉइंट पाच. बॅटरी झकास.” डबीच्या जाळीत मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं, ते त्यानं ब्रशनं झाडून काढलं, चहा घेतला, शंभर रुपये घेतले आणि मोटरसायकलला किक मारताना टिव् ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भाच्याला फोन लावला. “मामा, मॅन्युअल ड्रॉवरमध्ये आहे ना!” होतं. चाळीस पानांचं, त्यातली अडतीस सावधगिरीची. उरलेल्या दोन पानांत एक ओळ सापडली: डबी भिंतीवरून काढून पाठीमागची तारीख पाहावी. दोन स्क्रू फिरवले. पाठीवर डाळीएवढ्या अक्षरांत उत्पादनाचं वर्ष होतं, आणि ते सरकारच्या धोरणाच्याही बरंच मागचं होतं. वर्कशॉपवाल्यानं कुठल्याशा जुन्या गाडीतली डबी पुसून-पासून आमच्याकडे बसवली होती.

या यंत्राचं नाक म्हणजे तापवून ठेवलेला टिन ऑक्साइडचा कण. घरोघरी होणारे गॅसचे स्फोट पाहून जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 साली ही युक्ती शोधली: ज्वलनशील वायू आला की या कणातून वीज सहज वाहू लागते आणि भोंगा वाजतो. पण कण म्हातारा होतो. म्हणून कंपन्या आतच एक घड्याळ बसवतात आणि पाच-सात वर्षं भरली की यंत्र टिव् टिव् करायला लागतं. गॅस असो वा नसो, ते सांगत असतं की माझी मुदत संपली, मला बदला. नियत वयोमानानुसार सेवानिवृत्ती! अठ्ठावन्न पुरी झाल्यावर मलाही असंच एक पत्र आलं होतं. फरक एवढाच की मी गप्प राहिलो.

भाच्यानं नवी डबी कुरिअरनं पाठवली. ती सावंतवाडीत चार दिवस विश्रांती घेऊन आली, वायरमननं बसवली, हिरवा दिवा लागला आणि आवाज बंद. काकींचं नामस्मरणही बंद.

त्याच रात्री एकच्या सुमाराला ट्रेलरमधून जो भोंगा उठला, त्यानं कुत्री, कोंबड्या आणि माणसं एकदमच जागी केली. हा टिव् नव्हे, अखंड किंकाळी, आणि लाल दिवा. सिलिंडर तर अजून फणसाखालीच. काकी बॅटरी घेऊन आत शिरल्या, डबीसमोरच्या बर्थखाली उजेड मारला आणि पाच लिटरचा एक पांढरा कॅन बाहेर ओढला. बूच सैल होतं. एप्रिल महिना, हद्द चार पावलांवर. आत काय आहे हे सांगायला तागुचींची गरज नव्हती. पलीकडचा ताजा हुर्राक. दारूची वाफही हवेपेक्षा जड, तीही फरशीवरच बसते, आणि टिन ऑक्साइडला गॅस आणि हुर्राक यांतला भेद कळत नाही.

काकींना कळतो. त्यांनी कॅन उचलला, आबांकडे एकदाच पाहिलं आणि घराकडे चालू लागल्या.

आबा पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं डबीकडे बोट करून मला म्हणाले, “मास्तर, जुना बरा होता. किरकिर करी, पण चुगली नाय करी.”