जा, परत जाऊन ये!

क्रिकेट अकरा जण खेळतात आणि बाकीचे नुसते बघतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याकडच्या घरात बसून मॅच पाहिलेली नसावी. आपल्याकडे मॅच बघणारेच जिंकून देतात. कुणी कुठं बसायचं, कुणी मध्येच उठायचं नाही, कुणी ‘आता काही हरत नाही’ असं तोंडातून काढायचं नाही, यावर सगळा निकाल असतो. 2023 च्या वर्ल्डकपात आपण ओळीनं दहा सामने जिंकलो, ते आमच्या डोंबिवलीच्या हॉलमधून. आई सोफ्याच्या कोपऱ्यात, मामा भिंतीला टेकून जमिनीवर, मी दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. रोहित शर्माला याची कल्पना नसेल, पण मामाला पक्की होती.

अशात मला फायनलचं तिकीट मिळालं. अभिनंदन वगैरे राहिलं बाजूला, आईनं एवढंच विचारलं, “आणि खुर्चीत कोण बसणार?”

19 नोव्हेंबरला अहमदाबादेत उतरलो. हॉटेलांचे दर असे, की खोली भाड्यानं देतायत की विकतायत ते कळेना. मोटेऱ्याच्या स्टेडियममध्ये 1 लाख 32 हजार माणसं मावतात, आणि माझी सीट त्यातल्या शेवटच्या काही माणसांसाठी बांधलेली असावी. मॅचआधी हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’च्या विमानांनी कसरती केल्या, तेव्हा पिचपेक्षा वैमानिक जवळचे वाटले.

शेजारी एक गुजराती काका होते, सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. गिल लवकर गेला तसं काकांनी फर्मान काढलं, रोहित खेळतोय तोवर कुणी जागचं हलायचं नाही. नातवाला नेमकी तेव्हाच लागली होती. तो बिचारा गुडघ्याला गुडघा घासत बसला. रोहित 31 चेंडूंत 47 वर पोचला आणि इकडे पोराचा धीर सुटला. तो जिना चढतोय तोच रोहितनं मॅक्सवेलला उंच टोलवलं, ट्रॅव्हिस हेड मागं धावत गेला आणि त्यानं झेप घेऊन झेल घेतला. पोरगं हलक्या मनानं परत आलं, तर सगळी रांग त्याच्याकडे अशी बघत होती जणू झेल त्यानंच घेतलाय.

पुढचं फार सांगत नाही. शेवटच्या चाळीस षटकांत आपण चार चौकार मारले, त्यावरून काय ते समजा. आदल्या दिवशी पॅट कमिन्स म्हणाला होता, एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प करण्यासारखं समाधान नाही. त्यानं कोहलीचा त्रिफळा उडवला आणि 92 हजार माणसं अशी गप्प झाली, की खालच्या मजल्यावर कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं तेही ऐकू आलं. गप्प बसायला घरी पैसे पडत नाहीत, हे तेव्हा ध्यानात आलं.

आपल्या 240 झाल्या. ऑस्ट्रेलियाची बॅटिंग सुरू झाली तेव्हा नातू पुन्हा बाहेर, आणि शमीनं वॉर्नरला उडवलं. बुमरानं मार्श आणि स्मिथला काढलं. 3 बाद 47! काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “बेटा, जा, परत जाऊन ये,” असा आमच्या रांगेचा एकमुखी ठराव झाला. कुणी त्याला कोल्ड्रिंक पाजलं, कुणी पाण्याची बाटली पुढं केली. पोरगं गेलं, आलं, गेलं, आलं. हेड हलेना. लबुशेन तर 110 चेंडू खेळला, तोही शेवटपर्यंत नाबाद. अखेर पोरानंच बंड केलं. “नथी आवती!” म्हणून त्यानं खुर्ची घट्ट धरली.

जिंकायला दोन धावा उरल्या आणि हेड 137 वर बाद झाला. नातवाची खुर्ची रिकामी होती. त्याला आता खरोखरच लागली होती.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. मामानं पिच संथ होतं, टॉस हरलो, वगैरे मुद्दे मांडले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि दाराजवळच्या खुर्चीकडे फक्त बोट दाखवलं. माझ्याकडून नातवाची गोष्ट मात्र तिनं दोनदा वदवून घेतली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

29 जून 2024. बार्बाडोस, टी-ट्वेंटीची फायनल. मी इमानदारीत खुर्चीत. क्लासेन धुवत सुटला होता, दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या. आईनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“तुला बाथरूमला नाही जायचं?”

सात धावांनी जिंकलो. सूर्यकुमारचा तो झेल सगळ्या जगानं पाहिला. मी आतून कडी लावून ऐकला.