शोध लागो न लागो, बातमी लागली पाहिजे

इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्सचा माणूस पहिल्या वर्षापुरता असतो. मुलं दुसऱ्या वर्षाला गेली की मेकॅनिकलवाल्यांची, कॉम्प्युटरवाल्यांची होतात आणि जिन्यात भेटली तर मोबाइलमध्ये बघतात. तेव्हा 'तुम्ही तसे मोकळेच असता' या न्यायाने अकरा वर्षांपूर्वी रिसर्च सेलच्या प्रसिद्धीचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या अनुभवाच्या जोरावर, नव्याने रुजू होणाऱ्या मंडळींसाठी, संशोधनाची आणि परिषदांची बातमी कशी करावी याचं हे शास्त्रशुद्ध मार्गदर्शन. संशोधन कसं करावं हा वेगळा विषय आहे. त्याला वेगळी समिती आहे आणि तिची बैठक कोरमअभावी तहकूब आहे.

सगळ्यात आधी घाई शिका. या बाबतीत आपले आदर्श सी. व्ही. रामन. कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांना विखुरलेल्या प्रकाशात नव्या रेषा दिसल्या आणि दुसऱ्या दिवशी बातमी वर्तमानपत्रांकडे गेली. लीप वर्ष होतं, २९ तारीख वरकड मिळाली होती. तीही त्यांनी वाया घालवली नाही. १६ मार्चला बंगळूरला व्याख्यान झालं, ते लगोलग छापलं आणि प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना रवाना झाल्या. तिकडे मॉस्कोत लान्ड्सबर्ग आणि मान्देलश्ताम या दोघांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम आठवडाभर आधी दिसला होता. पण ते पडले सावकाश माणसं. नीट तपासून त्यांचा लेख छापून येईपर्यंत जुलै उजाडला. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. त्याआधी रामन कित्येक वर्षं प्रकाशाच्या विखुरण्यावरच काम करत होते, हा तपशील मार्गदर्शनाच्या सोयीसाठी बाजूला ठेवावा.

घाई अंगाशी येते असं काही जण म्हणतील आणि ऑपेरा प्रयोगाचं नाव घेतील. घेऊ देत. सप्टेंबर २०११ मध्ये त्या गटाने जाहीर केलं की जिनिव्याजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. माणसं प्रामाणिक होती. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्हाला सापडते का बघा, असंच त्यांचं म्हणणं होतं. जगाने त्यातलं फक्त आइन्स्टाइनचं नाव उचललं. पाच महिन्यांनी कळलं, ऑप्टिकल फायबरची एक केबल नीट बसलेली नव्हती. आमच्या लॅबमध्ये 'सर, वायर लूज आहे' हे निदान दर गुरुवारी 'ब' बॅच करते. तिला कोणी सर्नला बोलावत नाही.

शिवाय घाईलाही वेळ साधावी लागते. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला सुरू केलेलं 'आर्काइव्ह' तुम्हाला माहीत असेलच. जगभरचे फिजिक्सवाले आपला लेख जर्नलच्या आधी तिथे टाकतात, कोणालाही फुकट वाचता येतो. तिथला दिवसाचा गल्ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनला बंद होतो आणि पुढची रांग लगेच सुरू होते. यादीत लेख येतात ते आल्या क्रमाने. म्हणून दोनच्या ठोक्याला बटण दाबून पहिला नंबर पटकावणारे थोर लोक आहेत आणि वरच्या लेखांना पुढे जास्त दाखले मिळतात, असं गिन्सपार्ग यांनीच एका सहकाऱ्याबरोबर मोजून दाखवलं आहे. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. घरी 'लाइट बंद करा' म्हणतात तीच ही वेळ. नवी यादी आपल्याकडे पहाटे, दुधाच्या पिशवीबरोबर येते. तत्काळ तिकीट काढायची सवय असलेल्यांना हे अवघड जाऊ नये.

आता कॉलेजच्या ग्रुपवर कळवणे. सुरुवात 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' अशीच करावी, दुसऱ्या सुरुवातीने आनंद पोचत नाही. मग नाव, मग 'प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय', मग प्राचार्यांचे, संस्थेच्या अध्यक्षांचे, सचिवांचे आणि विभागप्रमुखांचे मार्गदर्शन, आणि जागा उरली तर पेपरचा विषय. जागा सहसा उरत नाही. पेपरची पीडीएफ जोडावी, ती उघडली जाण्याची भीती बाळगू नये. मी एकदा चुकून तिच्या जागी होस्टेलच्या मेसचा आठवड्याचा मेनू जोडला. तासाभरात एक्केचाळीस अभिनंदनं आली, त्यातली सहा 'क्रांतिकारी काम' अशी होती. संध्याकाळी लॅबमधले मामा हळूच विचारून गेले, "सर, बुधवारी परत मटकीच आहे का?" अकरा वर्षांत जोडपत्र वाचणारा हा एकच माणूस मला भेटला.

लेखकांच्या यादीबद्दल फार खल करू नका. विभागप्रमुखांचं नाव घातलं की ज्यांनी काम केलं त्यांचंही घालावं लागतं का, असा प्रश्न नवखे विचारतात. संख्येची लाज वाटून घेण्याचं कारण नाही. २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या सर्नच्या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर मिळून जो लेख लिहिला त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. अर्थात तिथे यंत्रच तसं आहे, हजारो हात लागलेले असतात. आपल्या पेपरात सहा नावं असतात आणि यंत्र दुरुस्तीला गेलेलं असतं.

त्याहून मला जवळचं वाटतं ते मिशिगनच्या जॅक हेदरिंग्टन यांचं उदाहरण. १९७५ ची गोष्ट. एकट्याने लिहिलेल्या लेखात त्यांनी सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं. सहकारी म्हणाला, एका लेखकाला 'आम्ही' चालणार नाही, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'वाले परत पाठवतील. टाइपरायटरचा जमाना, सगळा मजकूर पुन्हा बडवायचा कोणी? त्यांनी घरातल्या चेस्टर नावाच्या बोक्याला एफ. डी. सी. विलर्ड असं भारदस्त नाव देऊन दुसरा लेखक करून टाकलं. लेख छापून आला आणि काही प्रतींवर बोक्याच्या पंजाची सहीसुद्धा आहे. आपल्याकडे पेशव्यांपासून प्राचार्यांपर्यंत एकटा माणूस खुशाल 'आम्ही' म्हणतो, त्यामुळे मांजर पाळण्याचा खर्च वाचतो.

पेपर छापायला जागा शोधावी लागत नाही, जागाच तुम्हाला शोधत येते. 'परमआदरणीय प्राध्यापक' असं संबोधून रोज सात-आठ ईमेल येतात. माझ्या लेसरच्या पेपरावर खूश होऊन मला मत्स्यव्यवसायाच्या परिषदेत बीजभाषणाचं आमंत्रण आलेलं आहे. अशा ईमेलांना कंटाळून अमेरिकेतल्या दोन संगणकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक पेपर रचला: 'मला तुमच्या यादीतून काढा' या अर्थाचं एकच वाक्य, मध्ये एक शिवी, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच. आकृतीतही तेच. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एकाने तो अशाच एका जर्नलला पाठवला. परीक्षकाने 'उत्कृष्ट' शेरा मारला आणि १५० डॉलर मागितले. यादीतून नाव काढलं का, ते माहितीत नाही. माझं तर अजून आहे. यूजीसीने खऱ्याखोट्याचा निवाडा करायला २०१९ मध्ये केअर यादी आणली. तिच्यात बसणारं जर्नल शोधण्यात आमची सहा वर्षं गेली आणि २०२५ मध्ये यादीच बंद झाली. फाइल मात्र ठेवावी. नॅकवाले कधी काय मागतील सांगता येत नाही.

राहता राहिली परिषद. एक वक्ता मस्कतहून झूमवर आला की ती आंतरराष्ट्रीय होते. त्याचा आवाज आला पाहिजे अशी अट कुठे नाही. उद्घाटनाला दीड तास धरा. आमच्याकडे पंख्याने समईची वात चार वेळा विझली, पंखा बंद केला तर प्रमुख पाहुण्यांना घाम, त्यामुळे शेवटी मामा पुठ्ठा घेऊन आडोशाला उभे राहिले आणि फोटोत तेच सगळ्यात ठळक आले. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते खोटं नाही. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचयकर्त्याचा परिचय. न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात १८ मार्च १९८७ ला उच्च तापमानाच्या अतिवाहकांवर जी सभा झाली, तिला सुमारे २,००० फिजिक्सवाले लोटले होते. संध्याकाळी साडेसातला सुरू झाली, ५१ वक्ते बोलले आणि पहाटे सव्वातीनला संपली. त्यांच्याकडे आभार प्रदर्शन होतं की नाही कोण जाणे, पण आपल्याकडे ५१ वक्त्यांना सव्वाचार तास पुरतात. प्रत्येकी पाच मिनिटं, चौथ्याला घंटी, आणि अध्यक्ष म्हणतात, "वेळेअभावी प्रश्न नंतर, जेवताना." जेवताना पुरीची रांग असते.

बातमी आगाऊ द्या. फ्लेक्सही आगाऊ लावा, पण छापण्याआधी एकदा बघा, हे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमची परिषद 'थिन फिल्म' या विषयावर होती. थिन फिल्म म्हणजे काचेवर वगैरे बसवलेला अतिपातळ थर. चष्म्याच्या काचेवरचं कोटिंग त्यातलंच. फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या अकलेने दोन्ही बाजूंना सिनेमाची रिळं आणि मधोमध क्लॅप टाकला. त्या फ्लेक्सचा फोटो पाहून गावच्या पेपरात बातमी लागली, 'अभियांत्रिकी महाविद्यालयात लघुपट परिषद'. प्राचार्य खूश, दोन कॉलम, फोटोसकट.

सकाळी नोंदणीच्या टेबलावर एक पोरगा आला. खिशात पेन ड्राइव्ह, त्यात त्याने उसाच्या फडात काढलेली अकरा मिनिटांची फिल्म. त्याला गैरसमज सांगितला तर म्हणाला, "सर, एसटी आता चारलाच आहे." मी बॅज दिला, जेवणाचं कुपन दिलं. दुपारच्या सत्रात उरलेली अर्धी माणसं सर्टिफिकेटसाठी बसलेली, एक पीएचडी करणारी मुलगी झिंक ऑक्साइडच्या थरांवर बोलत होती. घंटी झाली. अध्यक्ष 'वेळेअभावी' म्हणणार, तेवढ्यात मागून हा उभा राहिला.

"मॅडम, पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की रंग दिसतात, ते हेच का?"

सभागृहात हशा झाला. मुलगी हसली नाही. "हेच," ती म्हणाली, आणि फळ्याकडे गेली. पेट्रोलच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालून, पाण्यापाशी परतलेला. दोघांची गाठ पडते, थराच्या जाडीनुसार कुठला रंग उठतो, कुठला मरतो. दुसऱ्यांदा घंटी झाली. "मग ते हळूहळू बदलतात कशाने?" त्याने विचारलं. "पेट्रोल उडतं, थर पातळ होत जातो," ती म्हणाली, आणि खडू शोधायला लागली, कारण आमच्याकडे परिषदेच्या दिवशी खडू नसतो. तिसरी घंटी. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. मामांनी खिशातून खडूचा तुकडा काढून दिला.

अहवालात 'श्रोत्यांचे प्रश्न' असा रकाना नाही. मी तो पोरगा 'सहभागी प्रतिनिधी, उद्योगक्षेत्र' यात दाखवला आहे. त्याची चारची एसटी चुकली.