इस्त्रीखालचा दाखला

2003 साली आमच्या गावात लॅमिनेशनचं यंत्र आलं आणि मी महिनाभर नुसता भारावून गेलो. रेशनकार्ड, सातबारा, वडिलांचं निवृत्तीचं पत्र, जो कागद हाताला लागेल तो मी प्लॅस्टिकमध्ये घालून आणला. ‘‘मलाही घालून आणा एकदा,’’ असं बायको, मंगल, म्हणाली होती. त्या भरात दीपालीचा जन्मदाखलाही कडक झाला. भिजणार नाही, फाटणार नाही, कसर लागणार नाही. बापाने लेकीसाठी आणखी काय करायचं?

पुढे दीपाली नोकरीसाठी हेगला गेली. तिथं राहायचं तर नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी जन्मदाखला लागतो. फोनवर ती म्हणाली, ‘‘बाबा, नुसता नको, अपॉस्टिल करून पाठवा.’’ मला ऐकू कमी येतं. मी विचारलं, ‘‘जेवणाआधी घ्यायची की नंतर?’’

अपॉस्टिल हा फ्रेंच शब्द. मूळ अर्थ समासात केलेली टीप. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात दाखवायचा तर पूर्वी एका कचेरीतून दुसरीत आणि शेवटी परक्या वकिलातीत, अशी वारी असे. ती कमी व्हावी म्हणून 5 ऑक्टोबर 1961 ला एक करार झाला. तो लागू असलेल्या देशांनी एकमेकांची ही एक टीप मानायची, पुढे वकिलातीची पायरी चढायची नाही. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू झाला. मूळ करार झाला कुठं, तर हेगमध्ये. म्हणजे ज्या गावाने हा नियम काढला, नेमक्या त्याच गावात जाऊन आमची मुलगी राहिली. पत्रिकेतच असावं.

आपलं परराष्ट्र खातं कागद थेट आपल्या हातून घेत नाही. त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडे द्यावा लागतो. तिथल्या पोराने आमचा दाखला उजेडात धरला, वाकवून बघितला, टेबलावर टकटक वाजवला. ‘‘काका, हे चालणार नाही. स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतो. ह्याला पाठच नाही.’’

‘‘प्लॅस्टिक काढलं तर?’’

‘‘इस्त्रीने निघतं म्हणतात काही जण.’’

हे ‘म्हणतात काही जण’ मी नीट ऐकायला हवं होतं. घरी आल्यावर मंगलने टेबलावर जुनी चादर घातली, दाखल्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि इस्त्री फिरवली. वास आला. एक कोपरा सुटला तसा मी तो चिमटीत धरून हळूच ओढला. प्लॅस्टिक अगदी छान निघालं. त्याच्याबरोबर नगरपालिकेचा निम्मा गोल शिक्का निघाला, मुख्याधिकाऱ्यांची अर्धी सही निघाली आणि आईचं नाव निघालं. मंगलने ते प्लॅस्टिक हातात घेऊन त्यावरचं स्वतःचं नाव उलटं वाचलं. वर्तमानपत्रातली क्रिकेटची बातमी मात्र दाखल्यावर स्वच्छ उमटली होती.

नवी प्रत काढायला नगरपालिकेत गेलो. कारकुनाने 1996 चं रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली, रकान्यावरून बोट फिरवलं. ‘‘नोंद आहे. पण नाव नाही.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘बाळाचं. आडवी रेघ आहे.’’

त्यात चूक कुणाची नव्हती. दवाखान्याने जन्म कळवला तिसऱ्या दिवशी, आणि आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. मधले नऊ दिवस सरकारदरबारी मूल म्हणजे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’, बस्स. बारशाला आत्या आली, कानात कुर्र झालं, घुगऱ्या वाटल्या, पण नगरपालिकेला जाऊन सांगायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मी तोच दाखला सात वर्षं फायलीत ठेवला होता आणि लॅमिनेट करताना न वाचताच केला होता.

अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, विलंब शुल्क. महिन्याभराने नाव चढलं. नवा दाखला संगणकावरचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, खाली क्यूआर कोड. मी दोनदा वाचला. घरी येऊन दीपालीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. ‘‘बाबा, पासपोर्टवर माझ्या नावात डबल ई आहे. ह्यांनी आय घातलाय.’’

मराठीत आमची मुलगी एक. इंग्रजीत दोन निघाल्या.

ही दुरुस्ती आता सही झालेल्या दाखल्यात व्हायची, म्हणून प्रतिज्ञापत्र हवं. टायपिस्टने मराठीत ठोकून दिलं: ‘दीपाली आणि दीपाली ही एकच व्यक्ती आहे, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.’ नोटरीसाहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘‘ह्यात वाद कोण घालतंय?’’ त्यांना डबल ई समजावून सांगितली तेव्हा त्यांनी लाल शिक्का मारला, पण मला वाटतं, कीव येऊन.

पुढची वाट सरळ होती. दुरुस्त होऊन आलेल्या दाखल्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या खात्याचा स्टिकर. त्याची सरकारी फी पन्नास रुपये, एजन्सीची वेगळी. माझा एक मित्र दुबईच्या मुलासाठी हेच करत होता. अमिरात त्या करारात नाही, त्यामुळे त्याला वकिलातीची जुनी वारी चुकली नाही. पुतण्या जर्मनीला निघालेला. आपल्या करारप्रवेशावर जर्मनीने आक्षेप घेतलेला असल्याने त्याला हा स्टिकर लावून उपयोग नाही. हेगचा देश आणि जर्मनी शेजारशेजारचे, पण एकाला दीपाली पटते, दुसऱ्याला नाही.

दाखला परत आला तेव्हा मी भिंग घेऊन पाठ वाचली. मथळा फ्रेंच, खाली दहा कलमं. सही कोणाची, तो कोणत्या हुद्द्यावर, शिक्का कोणाचा, कुठे, कधी, कोणी प्रमाणित केलं, क्रमांक. मुलगी खरंच जन्मली का, याबद्दल एक अक्षर नाही. करारच तसा आहे. स्टिकर फक्त सही आणि शिक्का खरा म्हणतो, मजकुराशी त्याचा संबंध नाही. दिल्ली मुंबईला ओळखते, मुंबई नगरपालिकेला ओळखते, नगरपालिका रजिस्टरला. शिवकालीन पत्रांत वर मुद्रा आणि शेवटी मोर्तब उमटवत, म्हणजे मजकूर इथे संपला, पुढे कुणी काही घुसडू नये. आपला ‘शिक्कामोर्तब’ शब्द तिथला. आमच्या दाखल्यावर मोर्तबं इतकी झाली होती की मजकुराला जागा उरली नव्हती. आणि दीपालीला जन्मताना प्रत्यक्ष पाहिलेली बाई घरात लसूण सोलत बसली होती. तिची सही कुणी मागितली नाही.

हेगच्या नगरपालिकेतल्या बाईंनी दाखला पालथा केला, स्टिकर पाहिला, सुलटा केला आणि दोन मिनिटांत नोंद केली. दीपालीने मग मला विचारलं, ‘‘बाबा, हा आता जपून ठेवायचा ना? लॅमिनेट करू?’’

तुमच्या घरात मुलांचे जन्मदाखले असतील तर आज काढून वाचा. नावाच्या रकान्यात नाव आहे का, ते पासपोर्टशी जुळतं का, तेवढं बघा. आणि तो साध्या फायलीत ठेवा. आमच्या इस्त्रीच्या तळाला अजून नगरपालिकेचा अर्धा शिक्का चिकटलेला आहे, आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यांवर तो उमटतो.