तुरुंगग्रस्त

पेपरात 'पुनर्वसन' हा शब्द दिसला की पूर्वी मी धरण शोधायचो. आता महामंडळ शोधतो. धरणात गाव गेलेल्या माणसाचं पुनर्वसन ही आपल्याकडे तीन पिढ्यांची कामगिरी असते. आजोबा अर्ज करतात, बाप खेटे घालतो आणि नातू उपोषणाला बसतो. निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याचं पुनर्वसन मात्र पुढच्या पावसाळ्याच्या आत उरकतं. एखादं महामंडळ, नाहीतर विधान परिषद, अगदीच अडलं तर कुठल्याशा समितीचं अध्यक्षपद आणि सोबत गाडी. घर बुडालेल्याला सरकार म्हणतं, खरंच बुडाल्याचा दाखला आण. मतं बुडालेल्याकडे कोणी दाखला मागत नाही.

हे सुचलं ते बोरी अरबच्या स्टँडवर, पानठेल्याला टेकून यवतमाळच्या गाडीची वाट पाहताना. बोरी अरब म्हणजे दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीच्या काठचं गाव. नावात अरब असला तरी इथल्या जमिनीतून तेल निघत नाही. कापूस निघतो, तोही भाव पडल्यावर.

तर गाडीतून एकजण उतरला. त्याचं नाव सांगत नाही. बोरी अरबात असा कोणी नाहीच, असं कोणाचं म्हणणं असेल तर शेजारच्या गावचा धरा. जिल्ह्यात कुठलाही चालेल. हातात कापडी पिशवी, पायात दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची चप्पल आणि शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला सुटकेचा कागद. तीन वर्षं आत होता. कोर्टाने निर्दोष सोडला.

पानठेलेवाल्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, "कधी सुटला बे?"

"आजच, भौ."

"जमानतीवर?"

"नाई. निर्दोष."

"वकील चांगला भेटला म्हणजे."

अपील, सुनावणी आणि अंतिम निकाल, सगळं अर्ध्या सुपारीत आटोपलं. मग चहा आला. आम्हा बाकीच्यांना काचेच्या गिलासात आणि त्याला कागदी कपात. पानठेलेवाला म्हणाला, गिलास संपले. कट्ट्यावर चार गिलास पालथे वाळत होते. त्याने ते पाहिले आणि चहा पिऊन घेतला.

हा बिचारा 'कच्चा कैदी' होता. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची होती. म्हणजे आत बसलेल्या दर चारांतल्या तिघांनी काही केलं की नाही, हे अजून ठरायचं होतं. पण कच्चा आणि पक्का हा फरक आपलं गाव फक्त आंब्यात मानतं.

आता इथे एक कायदेशीर गंमत आहे. हा निर्दोष ठरला, यातच त्याचं नुकसान झालं. गुन्हा सिद्ध होऊन सक्तमजुरी लागली असती तर आत मजुरी मिळाली असती. आपल्या राज्यात २०२३ मध्ये ती वाढली. अकुशल कामाचे दिवसाला ४८ होते, त्याचे ५३ रुपये झाले. तीन वर्षांत थोडी गाठ बांधून बाहेर पडला असता. याला शिक्षाच नव्हती, म्हणून मजुरीही नव्हती. नुकसानभरपाई म्हणाल, तर विनाकारण खटल्यात अडकवलेल्यांना ती कायद्याने मिळावी अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात करून ठेवली आहे. शिफारस सुखरूप आहे. तिला कोणी हात लावलेला नाही.

आणि कर्ज! राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात बंद्यांसाठी एक कर्जयोजना काढली. नाव 'जिव्हाळा'. पन्नास हजारांपर्यंत रक्कम, ७ टक्के व्याज, तारण नको, जामीनदार नको, हप्ता आतल्या मजुरीतून. योजना खरोखर चांगली आहे, टिंगल तिची नाही. बंद्यावरही घर चालवण्याची जबाबदारी असते, हे एका बँकेच्या ध्यानात आलं, ही साधी गोष्ट नव्हे. पण मी हे पानठेल्यावर मोठ्याने सांगितलं आणि चूक केली. शेजारी एक कास्तकार बसला होता. सातबारा दाखवला की बँकेतला साहेब चष्मा पुसायला घेतो, असा त्याचा अनुभव. तो ताडकन उठला.

"तारण नाई? जमानतदार नाई? मंग अर्ज कुठं कराचा?"

"आधी गुन्हा करावा लागते."

"कोणता?"

"कोणताई चालते. पण सिद्ध झाला पाहिजे."

तो क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "कापूस पेरतो मी यवतमाळ जिल्ह्यात. थो नाई का चालत?"

मुद्द्याकडे येतो. तुरुंगातून आलेल्या माणसाला आपण नाकारतो, असं काही समाजसेवक म्हणतात. साफ खोटं आहे. आपण कारावासाचा आदरच करतो, फक्त साल बघतो. कापसाचा भाव जसा धाग्यावर, तसा कारावासाचा भाव सालावर. १९३० चा माल सगळ्यांत लांब धाग्याचा. त्या वर्षी १० जुलैला याच जिल्ह्यात, पुसदला, लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलात गवत कापलं, इंग्रजाने धरून आत टाकलं, आणि पुढे १९४८ मध्ये तेच अणे बिहारचे राज्यपाल झाले. गवताच्या पेंढीपासून राजभवनापर्यंत! याला म्हणतात पुनर्वसन.

त्यानंतरचा भाव १९७५ चा. आणीबाणीत आत गेलेल्यांना राज्य सरकारने २०१८ पासून मानधन सुरू केलं. महिन्याहून जास्त आत काढला असेल तर दरमहा दहा हजार. २०२० मध्ये सरकारने ते बंद केलं, २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारने चालू केलं, २०२५ मध्ये दुप्पट झालं. मधली दोन वर्षं तोच तुरुंग, तीच कोठडी, तेच डास एकदम बिनमोलाचे झाले होते. आमच्या माणसाचा माल अलीकडचा, आखूड धाग्याचा. बाजार समितीत उतरवूनच घेत नाहीत.

अलीकडच्या मालालाही भाव येतो म्हणा, पण त्याला ब्रँड लागतो. पुढारी जामिनावर सुटतो तेव्हा जेसीबीच्या बादलीतून झेंडूच्या पाकळ्या उधळतात. 'वाघ परत आला' असा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे सत्तावीस फोटो असतात आणि त्यांतल्या निम्म्या शुभेच्छुकांच्या स्वतःच्याच तारखा चालू असतात. २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेल्या ५४३ जणांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. खटला असणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, हे न्यायशास्त्रातलं अवघड तत्त्व आपला मतदार त्यांच्या बाबतीत लगेच समजून घेतो. किती प्रगल्भ लोकशाही! तोच मतदार पानठेल्यावर उभा असताना मात्र खटला संपलेल्या माणसाला कागदी कप देतो.

आता त्याची पुढची तीन महिन्यांची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळी एका ओटीपीभोवती फिरते.

रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं. ते चढवायला आधार लागतं. आधार आहे, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर तीन वर्षं बंद राहिल्यामुळे कंपनीने भलत्याच माणसाला देऊन टाकलेला. म्हणजे याचा ओटीपी जातो दुसरीकडे, आणि तो भला माणूस फोन केला की 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतो. बँकेचं खातं व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय. ते सक्रिय करायला केवायसी, आणि केवायसीला पुन्हा तोच नंबर. एका कचेरीत रहिवासी दाखला मागितला. बाबू म्हणाला, "मागच्या तीन वर्षांत कुठे राहत होतास?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. बाबू म्हणाला, "मग तिथून आण." चौकीदाराची नोकरी होती, त्यांनी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं. खासदारकीच्या अर्जाला ते लागत नाही, हे मी त्याला सांगितलं. पण अनामत रक्कम परवडली नाही.

रेशनच्या दुकानापुढे मात्र मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि तिच्यावर विनोद जमत नाहीये. रांग लांब होती. दुकानदाराने आतून हाक दिली, "लायनीत राहा रे!" बरोबर हा खाली उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. तुरुंगात मोजणीला तसं बसवतात, दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे मोजायला सोपं जातं. बसल्यावर त्याने शेजारी पाहिलं, जोडीदार कुठाय म्हणून. शेजारचा दोन पावलं मागे सरकला. मागच्याने पिशवी छातीशी धरली. हा तसाच काही वेळ बसून राहिला, मग स्वतःच्याच लक्षात आलं तसा उठून चप्पल शोधायला लागला. चप्पल पायातच होती.

तुम्ही म्हणाल, सरकारने काहीतरी करावं. करून झालंय हो, फार पूर्वीच. सरकारनेही नव्हे, एका संस्थानिकाने. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसवलं, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश माणसाच्या कल्पनेवरून. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांना भिंत नसलेल्या जागी ठेवलं, शेती दिली, बायकापोरं जवळ राहू दिली. लोक पळून गेले नाहीत. ती वसाहत आजही आहे. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, बर्लिनला बक्षीस मिळालं. आपण थिएटरात ढसाढसा रडलो. पडद्यावरच्या कैद्यावर प्रेम करायला काय जातं? तो खोली भाड्याने मागत नाही. आपल्या अंगणातून पाणी भरत नाही. पोरीच्या लग्नात जेवायला कुठल्या पंगतीत बसवायचं, हा प्रश्न उभा करत नाही. आमच्या विभागातही मोर्शीला खुलं कारागृह आहे. शिस्तीत राहिलेल्या बंद्याला तिथे कुंपणाबाहेरच्या शेतात मोकळं सोडतात आणि संध्याकाळी तो आपल्या पायांनी परत येतो. सुटून गावात आल्यावर त्याला कुठे परत यायचं, एवढंच ठरलेलं नसतं.

या ओटीपीच्या जंगलात वाट काढून देणारी काही माणसं आहेत, नाही असं नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून नेमकं हेच करतो, आणि आमच्याकडे अमरावतीत 'वऱ्हाड' नावाची संस्था बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राबते. यांचं काम विचाराल तर अजिबात फोटोत न येणारं. कचेरीत सोबत जाऊन बसायचं, फॉर्म भरायचा, घरमालकाशी बोलायचं, वकिलाला फोन लावायचा. प्रत्येक जिल्ह्याला परिविक्षा अधिकारीही असतो. सुटलेल्याला आधार देण्याचं काम त्याच्या खात्याकडे आहे. हा शब्द मी पानठेल्यावर उच्चारला तेव्हा एकाने विचारलं, "परीक्षा कशाची? तलाठ्याची निंगाली का?"

तेव्हा माझा एक नम्र प्रस्ताव आहे. भूकंपग्रस्त झाले, प्रकल्पग्रस्त झाले, आता 'तुरुंगग्रस्त' असा एक प्रवर्ग करावा. दाखला तहसीलमध्ये मिळावा. सोबत सरकारी खर्चाने एक फ्लेक्स, सहा बाय चार, त्यावर 'भाऊ घरी आले' आणि निदान पाच शुभेच्छुक. शुभेच्छुक मिळत नसतील तर ग्रामसेवकाने शासकीय शुभेच्छुक नेमावेत, भत्त्यासकट. जेसीबी नको, एक टोपलं झेंडू पुरे. दसऱ्यानंतर तो स्वस्त असतो. बाकी काही न करता नुसता फ्लेक्स लावला तरी काचेचा गिलास मिळेल, याची हमी मी देतो.

दिवाळी झाली. कापूस फुटला. वेचणीला मजूर मिळेना तेव्हा गावातल्या काही जणांचं हृदयपरिवर्तन झालं आणि त्यांनी त्याला बोलावलं. एकजण म्हणाला, "येत जा, पण किलोमागं दोन रुपये कमी देईन. तुले आता कोण घेते?" आतली ५३ रुपयांची मजुरी निदान सगळ्यांना सारखी होती.

परवा पुन्हा स्टँडवर गेलो तर हाच विजेच्या खांबाला लावलेल्या शिडीवर उभा. दातांत सुतळी, हातात फ्लेक्सचं टोक. मागच्या वेळी आपटलेल्या एका भाऊसाहेबांची कुठल्याशा महामंडळावर वर्णी लागली होती. फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता, म्हणून अक्षरं तुकड्यातुकड्यांनी दिसत होती: हार्दिक... नियुक्ती... जनतेचा... खाली कार्यकर्ता उभा राहून ओरडत होता, "थोडा वरतं घे! भाऊंचं डोकं झाडात जाऊन राहिलं!"

त्याने वर घेतला. चारही कोपऱ्यांना दुहेरी गाठी मारल्या, ओढून पाहिल्या, शिडीवरून उतरला आणि पँटला हात पुसले. कार्यकर्त्याने खिशातून मोबाइल काढला.

"नंबर सांग, तीनशे टाकतो."

"नगदी द्या, भौ," तो म्हणाला. "खातं अजून चालू नाई झालं."