आई जास्त आहे

"आई जास्त आहे, निघून ये."

मुरबाडकडच्या पाड्यावरून भल्या पहाटे भिवंडीच्या गोदामात असा फोन आला की पोरगा पुढे काही विचारत नाही. 'जास्त' म्हणजे काय ते त्याला कळलेलं असतं. त्याला कळलंय हे फोनवरच्या काकालाही कळलेलं असतं. तरी तो एक शब्द दोघंही तोंडातून काढत नाहीत. भिवंडीहून कल्याण, कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे मिळाली तर जीप. एवढी वाट पोराला एकट्याने काटायची आहे. तेवढा वेळ आई नुसती 'जास्त' राहते. याला मी खोटं म्हणणार नाही. इतक्या थोड्या शब्दांत एवढी माया मी क्वचितच ऐकली आहे.

आपली भाषाच अशी जपून बोलणारी. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडी फुटली तरी ती वाढवली. माणूस वारतो, निवर्ततो, माळकरी असला तर वैकुंठवासी होतो. बाळ देवाघरी जातं. आणि दिवस मावळला की सापाला साप म्हणायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. नाव घेतलं की येतं. पावसाळाभर कुडाच्या घरात जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांची ही भीती आहे, तिला हसू नये.

त्या पोराची आई मण्यारीने गेली. लावणीचे दिवस, दिवसभर चिखलात वाकून बाई रात्री मेल्यासारखी झोपलेली. मण्यारीचे दात बारीक असतात. दंश कळत नाही, खूणही नीट दिसत नाही. थोड्या वेळाने पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, मग बोलणं अडखळतं, शेवटी श्वास. घरच्यांनी ओवा दिला, पोट शेकलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी 'साप' हा संशय तरी कुणाच्या तोंडून निघायला हवा. उजाडल्यावर जावेने गोधडी झटकली तेव्हा जनावर निघालं.

मी गेलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली, आत पिठावर दिवा. ज्याला त्याला सांगणं एकच: पोटात दुखलं आणि गेली. दुपारी पोरगा आला, संध्याकाळच्या आत अग्नी दिला. चौथ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला: 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'.

हा 'अल्पसा आजार' माझ्या डोक्यात जातो. वर्षभर परळच्या हॉस्पिटलच्या खेपा घालून कॅन्सरने गेलेल्याच्या फ्लेक्सवरही तोच. 'गेली' म्हणा, 'वारली' म्हणा, माझी काही तक्रार नाही, तिथे दुःखावर पांघरूण घातलेलं असतं. कशाने गेली यावर पांघरूण घातलं की माझं भांडण सुरू होतं. शेतकऱ्याच्या घरात सर्पदंशाने माणूस गेलं तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून 2 लाख रुपये मिळू शकतात. त्याला पंचनामा लागतो, शवविच्छेदन लागतं. 'पोट दुखून गेली' म्हणत चिता पेटवली की ते सगळं तिच्याबरोबरच जळतं.

असंच पांघरूण मोठ्या अपघातांवरही पडतं. शहापूरच्या सरळांब्याला 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या पुलाचं गर्डर चढवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि 20 कामगार मेले. रोजीसाठी लांबून आलेली माणसं. अशा वेळी आपल्याकडे एक तयार वाक्य असतं, 'काळाने घाला घातला'. काळ यंत्र उभारत नाही, रात्रपाळीही लावत नाही. पानिपतच्या पराभवाची बातमी देणाऱ्या सांकेतिक चिठ्ठीतही मोठी माणसं म्हणजे मोती दोन, मोहरा सत्तावीस, आणि बाकीची हजारो माणसं म्हणजे खुर्दा. आडशब्दातही ज्याची त्याची किंमत ठरलेलीच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. त्या पुलांवरून आपण आता भरधाव जातो.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. त्या आईचं दहावं झाल्यावर पोरगा आणि जाऊ ग्रामपंचायतीत गेले, सोबत मीही होतो. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. लिहिणाऱ्याने हळू आवाजात, त्यांना बरं वाटावं म्हणूनच विचारलं, "अल्प आजार लिहू ना?"

पोरगा खाली बघत राहिला. दहा दिवस घरातल्या घरात 'जनावर, जनावर' म्हणणारी जाऊ पुढे झाली.

"नको भाऊ. तिला मण्यार चावली. गोधडीतनं मीच काढली. तेच लिवा."