अंगणातली ताप्ती लाइन

बागेत रेल्वे बांधायची तर आधी माप ठरवावं लागतं, आणि माप ठरलं की बागेची लायकी कळते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथल्या बहुतेक गाड्या १:८७ मापाच्या, छपराखाली, तोऱ्यात धावणाऱ्या. तसली गाडी सुरतेत आमच्या अंगणात सोडली तर पहिल्या पावसात ती मुंगळ्यांच्या ताब्यात जाईल. अंगणासाठी जर्मनांनी १९६८ साली वेगळी सोय केली: एलजीबी. रूळ पितळी, दोन रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर, गाडी खऱ्याच्या साडेबाविसाव्या हिश्शाची. त्यांनी ती बर्फात चालवून पाहिली असेल. सुरतेचा मे महिना पाहिला नसावा. दहा मीटर पितळ तीस अंशांच्या फरकाने साडेपाच-सहा मिलिमीटर वाढतं, म्हणून सांध्यांत फट ठेवावी लागते. फट कमी पडली की दुपारी रूळ तुळशीवृंदावनाकडे वळून नमस्कार करतो.

लाइन कुठली, याचा विचारच केला नाही. आम्ही नंदुरबारचे. सुरतेच्या उधना-लिंबायतेत जो खानदेश नांदतोय तो बहुतेक नंदुरबारवरून येणाऱ्या ताप्ती लाइननेच उतरला, पोत्यात कळण्याचं पीठ घेऊन. तेव्हा ताप्ती लाइनच. आता ४५ला साडेबाविसाने गुणलं की येतं मीटरगेज, आणि ताप्ती लाइन जन्मापासून ब्रॉडगेज. पण याबद्दल आजवर कोणीही हरकत घेतली नाही.

हरकत आईने घेतली, ती दुसरीच. ओट्यावर शेंगा सोलत तिने गाडीच्या चार फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, “ही तर थांबतच नाही रे. मग ही कसली ताप्ती लाइन?”

खरं होतं. ही लाइन शंभराहून जास्त वर्षं एकेरी होती. व्यारा गेलं, सोनगढ गेलं की गाडी रानात उभी राहायची, डबाभर लोक एका सुरात म्हणायचे, “क्रॉसिंग आहे,” आणि डबे उघडायचे. आता दुसरा रूळ पडला, पण आईच्या डोक्यात अजून एकच आहे. माझ्याकडे गाडीही एकच. ती कोणाची वाट पाहणार?

तोवर नवापूरने पेच घातला. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत: तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशन मास्तर तापी जिल्ह्यात. फलाटाच्या एका टोकाला बाटली चालते, दुसऱ्या टोकाला तीच गुन्हा ठरते. एवढं स्टेशन सोडून ताप्ती लाइन करणं म्हणजे सुरतेत येऊन लोचो न खाता परतणं. पण आठशे मीटरचं स्टेशन साडेबाविसाने भागलं तरी पस्तीस मीटर होतं, आणि माझी बाग शेवग्याच्या झाडापाशीच संपते. पलीकडे शेजारच्या शेठांची भिंत.

शेठ कापडाच्या धंद्यातले. प्लॅन उलटा धरूनही त्यांना तो लगेच समजला. “एमां शुं! भिंतीला भोक पाडू. तिकीट खिडकी तुमच्याकडे, मास्तर अमारे त्यां. अने संडास पण.” खऱ्या नवापुरातही स्वच्छतागृह गुजरातेतच आहे, हे त्यांना कुठून ठाऊक, देव जाणे. भोक गवंड्याने पाडलं. गिलाव्याचा खर्च कोणत्या राज्याचा, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी उपस्थित केला असून तो अद्याप प्रलंबित आहे.

सिग्नलचं बटण अर्थातच शेठांकडे गेलं. रविवारी पाहुण्यांसमोर गाडी निघाली, शेवग्याखाली आली आणि लाल दिव्यापाशी थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी भिंतीवरून डोकावलो, तर पलीकडे सामसूम. शेठ लोचो आणायला गेले होते, रांग मोठी होती.

मागे आईने शेंगांची परात बाजूला सारली आणि डबा उघडला.